सायकलची नवी चामडी सीट : दुखणे चालेल, बधिरपणा नको

पन्नाशीनंतर व्यायाम म्हणून सायकल चालवू लागलेले बरेच जण रक्तदाब तपासायला येतात आणि उठता उठता, जरा संकोचून विचारतात, "डॉक्टर, सीटवर बसून खाली दुखतं. सवयीनं जाईल ना?" याचे उत्तर कुठे दुखते आणि कसे दुखते यावर ठरते. गेल्या हिवाळ्यात मी सायकलला नवी चामड्याची सीट बसवली, तेव्हा हा फरक स्वतःच्या शरीरावर अनुभवला.

चामडी सीट हा जुना प्रकार आहे. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८६६ साली घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला आणि १८८२ साली सायकलच्या सीटचे पेटंट घेतले. अशा सीटमध्ये फोम किंवा जेल नसते. लोखंडी सांगाड्यावर जाड चामडे झोळीसारखे ताणलेले असते. पहिल्या दिवशी ती पाटासारखी लागते. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाच्या आकाराची होते, तसेच हेही. काहीशे किलोमीटरनंतर चामड्यावर दोन उथळ खळगे दिसू लागतात.

ते खळगे असतात आपल्या बैठकीच्या हाडांचे. खुर्चीवर तळहात खाली ठेवून बसा आणि किंचित पुढे-मागे डोला. दोन टणक गाठी हाताला लागतील. सायकलवर शरीराचा भार मुख्यतः या दोन गाठींनी पेलायला हवा. म्हणून सीटचा मागचा भाग त्या दोन्ही सामावतील इतका रुंद हवा. स्त्रियांमध्ये या हाडांमधले अंतर साधारणपणे जास्त असल्याने त्यांना बहुधा अधिक रुंद सीट लागते.

पहिले दोन आठवडे मी एक दिवसाआड, अर्धा तासच सायकल चालवली. नेमके हाडांवर दुखायचे, दुसऱ्या दिवशी थांबायचे आणि दर खेपेला कमी व्हायचे. हे दुखणे सवयीने जाते.

तिसऱ्या आठवड्यात वेळ वाढवली आणि जांघांच्या मधोमध मुंग्या येऊ लागल्या. याचा अर्थ वेगळा. त्या भागातून प्युडेंडल नर्व्ह ही नस आणि जननेंद्रियाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवरून सरकून त्यांच्यावर येतो, तेव्हा मुंग्या येतात, बधिरपणा येतो. नस दाबाला सरावत नाही. वारंवार दाबली गेली, तर बधिरपणा टिकून राहू शकतो. पुरुषांमध्ये लिंगाच्या ताठरतेवरही परिणाम होऊ शकतो.

मुलाला मागून बघायला सांगितले. पेडल मारताना माझी कंबर डावी-उजवीकडे हेलकावत होती. नवी सीट जुन्यापेक्षा उंचीला जास्त होती, त्यामुळे सीटची दांडी जुन्याच खुणेवर असूनही मी वर बसत होतो. दांडी ८ मिलिमीटर खाली घेतली. चामडे मध्ये खोलगट असल्याने मी पुढे घसरतही होतो. म्हणून सीटचे टोक अगदी किंचित वर केले. ते जास्त वर केले, तर उलट दाब वाढतो. शिवाय दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहून काही क्षण बूड उचलू लागलो. चार-पाच फेऱ्यांत मुंग्या थांबल्या.

तुम्हीही उंची अशी तपासा : सायकलला टेकू द्या, सीटवर बसा, टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागेवर खूण ठेवा. चामडे लवकर मऊ व्हावे म्हणून तेलात भिजवू नका. ते सैल पडून मध्ये झोळ येतो आणि दाब नको तिथे पडतो. पावसाळ्यात सीट झाकून ठेवा.

सीट नीट लावूनही बधिरपणा येत असेल, तर सीट बदला. उतरल्यावरही तो टिकत असेल, लघवीला त्रास होत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर सायकल थांबवून डॉक्टरांकडे जा. मधुमेह असलेल्यांनी बैठकीच्या जागी सोलवटले आहे का, गळू आले आहे का, हे घरी आल्यावर आरशात पाहावे. संवेदना कमी असेल, तर जखम दुखत नाही आणि लक्षात येत नाही. हे सांगायला लाजू नका. आम्हा डॉक्टरांसाठी तोही गुडघ्यासारखाच एक अवयव आहे.