न दुखणारे दुखणे

सरकारी नोकराच्या मागे एक सेवापुस्तक असते. तो कटकला जावो वा शिलाँगला, ते त्याच्या मागोमाग जाते. त्यातली एखादी रजादेखील वाटेत गळत नाही. त्याच्या दुखण्याला मात्र असे पुस्तक नसते. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलते, डॉक्टर बदलतो, आणि दुखणे पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. कटकला जे ओल्या हवेने आले, ते दिल्लीला खुर्चीत बसून आले असे ठरते, आणि लखनौला थंडीने. तिन्ही ठिकाणी क्ष-किरण चित्र निर्दोष निघाले की शेवटचा शेरा पडतो: ‘मनावर घेऊ नका.’

आमच्या एका स्नेह्यांनी असा खांदा सात वर्षे आणि तीन बदल्या वागवला. मानेमागून निघून खांद्यावर व दंडावर उतरणारी आग; खोकला वा हसू आले की डोक्याच्या मागील बाजूस उठणारी कळ. पुढे पुढे सही करताना पेन निसटू लागले. गृहस्थ सोशिक, त्यांनी मोठ्याने हसणे सोडून दिले, एवढेच. रजेच्या अर्जावर ‘खांदेदुखी’ हा शब्द इतक्या वेळा आला, की कचेरीत तो थट्टेचा विषय झाला. ज्या वेदनेचे कारण सापडत नाही, ती काही दिवसांनी रोग न राहता त्या माणसाचा स्वभाव ठरते. एखाद्याला खोटे पाडण्याचा याहून सभ्य प्रकार आम्हांला ठाऊक नाही.

त्यांचे निदान झाले, ते वेदनेमुळे झालेच नाही. लखनौच्या थंडीत एका रात्री ते गरम पाण्याच्या पिशवीने खांदा शेकत बसले होते. सकाळी तिथे रुपयाएवढा फोड आलेला वहिनींना दिसला.

“अहो, पिशवी एवढी कढत होती, ती तुम्हांला कळली कशी नाही?”

सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वहिनींनी तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आधी कापूस फिरवला, मग टाचणी टोचली, मग गरम व गार पाण्याच्या नळ्या लावल्या. कापसाचा स्पर्श कळत होता. टाचणी बोथट वाटत होती, आणि गरम-गार यांत भेदच उरला नव्हता. खांद्यांवर उपरणे घेतले तर जेवढा भाग झाकेल, तेवढा भाग असा झाला होता. मग मानेचा एम.आर.आय. झाला आणि दुखण्याला नाव मिळाले: सिरिंगोमायेलिया.

मज्जारज्जूच्या गाभ्यात पोकळी होऊन तीत द्रव साचणे, हा तो विकार. हे नाव फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी १८२७ साली योजले. ग्रीक पुराणातली सिरिंक्स ही वनदेवता पॅनपासून पळताना वेळू झाली आणि त्या वेळूचा त्याने पावा केला. पोकळ नळीचा तो शब्द वैद्यकाने उचलला. वेदना आणि उष्णता यांची वार्ता नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जातात. वाढती पोकळी प्रथम त्यांनाच तोडते. स्पर्शाचे तंतू मागच्या अंगाने सरळ वर चढतात, म्हणून ते बचावतात. आणि दुखावलेल्या मज्जारज्जूतून, बाहेर काही नसताना, आग मात्र उठत राहते. ज्या खांद्याला निखारा कळत नाही, तोच खांदा निखाऱ्यासारखा जळतो.

याचे मूळ पुष्कळदा मानेच्याही वर असते. १८९१ साली प्राग येथे हान्स किआरी यांनी वर्णिलेल्या व्यंगात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळातून मानेत उतरतो व द्रवाची वाट अडवतो. हे व्यंग तिशी-चाळिशीपर्यंत गप्पही राहू शकते. पाठीच्या कण्याला मोठी इजा झाली असेल, तर कित्येक वर्षांनीही अशी पोकळी होऊ शकते. राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण हाडे दाखवतात, मज्जारज्जू दाखवीत नाहीत; निर्दोष चित्राचा अर्थ ‘हाडे निर्दोष’ एवढाच. विकार विरळा आहे, प्रत्येक खांदेदुखीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण विरळा म्हणूनच तो कोणाला आठवत नाही.

शस्त्रक्रियेत स्नेह्यांच्या कवटीच्या मागचे थोडे हाड काढून द्रवाला वाट करून दिली. खोकल्याची कळ गेली. आता ते पुन्हा मोठ्याने हसतात. उजव्या पंजाचे झडलेले मांस मात्र भरून आले नाही. बँकेत त्यांना नव्या सहीचा नमुना द्यावा लागला. अशी शस्त्रक्रिया सहसा रोगाची पुढची वाटचाल थांबवते; गेलेले सारे परत आणीत नाही. सात वर्षांचा हिशेब त्या वाकड्या सहीत उतरला आहे.

जे दुखते त्याची तक्रार आपण करतो. जे दुखेनासे झाले त्याची कोण करणार? म्हणून बदलीवर फिरणाऱ्या आम्हां मंडळींनी एक साधी वही जवळ बाळगावी. दुखणे केव्हा व कुठून सुरू झाले, खोकल्याने वाढते काय, हातातून वस्तू निसटतात काय, आणि मुख्य म्हणजे कोणता चटका बसूनही कळला नाही, हे तीत लिहावे. नव्या गावच्या डॉक्टरांपुढे औषधांच्या चिठ्ठ्यांआधी ती ठेवावी. सेवापुस्तक सरकार जपते. ही वही ज्याची त्यानेच जपायची असते.