घाट चढतानाचा आवाज

आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती 2004 साली. तिसऱ्या हाताची, पेट्रोलवरची व्हॅन. पुढं नाक नाही. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली, त्याच्यावर पत्रा, पत्र्याच्या कडेनं रबर, आणि त्यावर आपण बसायचं. आम्ही पुरंदरचे. अंजिराच्या पाट्या नाहीतर सीताफळाची क्रेट मागं भरायची, पहाटे दिवे घाट उतरायचा आणि मार्केट यार्ड गाठायचं. माल उतरला की नारायण पेठेत लेकीकडं चहाला जायचं. लेक पत्र्या मारुतीजवळच्या एका बोळात, जुन्या वाड्यात भाड्यानं राहायची.

दोन वर्षं गाडीनं काही त्रास दिला नाही. 2006 चा पावसाळा सरला आणि तिला एक आवाज लागला. घरी येताना घाट चढायला लागलो, ॲक्सिलेटर दाबला की खालून टिकटिकटिक सुरू. शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तसा. पाय सैल केला की बंद. उतारावर नाही, सपाटीला नाही.

तालुक्याला एका मेस्त्रीला दाखवली. त्यानं जागेवरच रेस करून बघितली. म्हणाला, ‘‘काही नाही काका, टॅपेट वाजतंय.’’ सेटिंग केलं, पैसे घेतले. आवाज तसाच. दुसऱ्यानं प्लग बदलले, पट्टा बदलला. तिसरा म्हणाला, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. तिघांचे मिळून दोन हजार तीनशे रुपये गेले.

मला स्वतःच्या कानाचा मोठा अभिमान. विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू असलं की बांधावरून आवाज ऐकून मी सांगायचो, फूटव्हॉल्व्हनं हवा धरली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की मोटारीचं बेअरिंग गेलं. पण हा आवाज मला सापडेना. शेवटी सोडून दिला. घाट आला की वाजायचं, घाट संपला की थांबायचं. सवय झाली.

दुसरी एक गोष्ट त्याच दिवसांत सुरू झाली होती. आमच्या मंडळींचं डोकं दुखायला लागलं. व्हॅनमध्ये बसलं की तासाभरात कपाळ धरायची. घाटमाथ्यावर आलो की म्हणायची, ‘‘अवं, जरा थांबवा.’’ रस्त्याच्या कडेला बसून उलटी करायची, चूळ भरायची, पदरानं तोंड पुसून पुन्हा गाडीत बसायची. मी म्हणायचो, ‘‘तुला गाडी सोसत नाही. जन्म बैलगाडीत गेला तुझा.’’ ती आलेपाक तोंडात धरायची, लिंबू हुंगायची. एकदा म्हणाली, ‘‘एस्टीत नाही होत मला असं.’’ मी म्हणालो, ‘‘एस्टी मोठी असते.’’ काय अक्कल ती! मलाही घाटात जांभया यायच्या, डोकं जड व्हायचं. ते मी पहाटेच्या जाग्रणावर ढकलायचो. पेट्रोलचा वास यायचा, तो जुन्या गाडीला यायचाच म्हणायचो.

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं व्हायचं होतं. पण डॉक्टरांनी पुण्यातच ठेवा म्हणून सांगितलं. मंडळी महिनाभर आधीच तिच्याकडं जाऊन राहिल्या. कार्तिकात नात झाली. सव्वा महिना झाल्यावर मायलेकींना गावी आणायचं ठरलं. मी व्हॅन धुतली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली आणि थंडीच्या दिवसात नारायण पेठेत दाखल झालो. मंडळी चांगल्या टवटवीत दिसत होत्या. म्हणाल्या, ‘‘इथं आल्यापासून एकदासुद्धा डोकं दुखलं नाही.’’ मी मनात म्हणालो, नातीचा पायगुण.

वाड्यात तळमजल्यावर एक म्हातारे काका राहायचे. उभा जन्म छापखान्यात मशीनमन म्हणून गेलेला. त्या भागात छापखान्यांना तोटा नव्हता. जवळच केसरीवाडा. टिळकांनी तो गायकवाडांकडून 1905 साली विकत घेतला, हे मला काकांनीच सांगितलं होतं. ट्रेडलवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. खिळा हलला की आवाजावरून ओळखायचा.

मी गाडी बोळात घातली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट. थोडा चढ होता म्हणून मी ॲक्सिलेटर दाबला, आणि तो आवाज भिंतींवर आपटून असा मोठा झाला की मीच दचकलो. उघड्या घाटात तो एवढा कधी वाजला नव्हता.

काका उठून आले. म्हणाले, ‘‘पाहुणे, हे काय घेऊन फिरताय?’’

मी म्हणालो, ‘‘टॅपेट आहे म्हणतात.’’

‘‘म्हणतात म्हणजे? ऐकलं कुणी? जागेवर ऐकून काय कळणार? मशीन कागद ओढतं तेव्हा ऐकायचं, रिकामं फिरतं तेव्हा नाही.’’

हे मला लागलं. बैल मोकळा चालताना लंगडत नाही, नांगराला जुंपला की लंगडतो, हे मला ठाऊक होतं. पण गाडीला लावलं नव्हतं.

काका माझ्याशेजारी सीटवर बसले. भिडे पुलाजवळ नदीपात्राच्या रस्त्याला गेलो. तिथं त्यांनी एकेक करून बघायला लावलं. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन गिअर काढायला सांगितला. गाडी आपोआप घरंगळत राहिली, आवाज नाही. म्हणाले, ‘‘चाकाचा, बेअरिंगचा नाही. तो असता तर चाक फिरतंय तोवर वाजला असता.’’ मग तेवढ्याच वेगात एकदा दुसऱ्या गिअरमध्ये, एकदा तिसऱ्यात. गिअर बदलला तशी टिकटिकीची लय बदलली. म्हणजे आवाज इंजिनाबरोबर चालणारा. मग पात्रातून वर पेठेकडं येणारा चढ. तिथं तो जोरात आला. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, ‘‘डब्यात खडे हलवल्यासारखा नाही, म्हणजे नॉकिंग नाही. आणि लोखंडावर लोखंडही नाही. ह्याला फुसका शेवट आहे. टिक नाही, टिफ्. सकाळी गार इंजिनला जास्त वाजतो का?’’

मी आठवून बघितलं. जास्तच वाजायचा. गाडी तापली की थोडा कमी व्हायचा.

‘‘मग हवा सुटतेय. तापल्यावर लोखंड फुगतं आणि फट मिटते. उद्या सकाळी सीट उचलून बघू.’’

दुसऱ्या दिवशी सहाला सीट उचलली, पत्रा काढला. पत्र्याच्या कडेचं रबर दोन ठिकाणी फाटून लोंबत होतं. काकांनी बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा आणला. जावयाला गाडी चालू करायला लावली. पट्ट्यापासून हात लांब ठेवून नळीचं एक टोक इंजिनाशी फिरवत, दुसरं कानाशी धरून मला ऐकवलं. इंजिनातून सायलेन्सरचा पाइप निघतो तिथं, मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी नळी गेली आणि कानात फट् फट् फट्. इंजिन बंद केलं. बॅटरीच्या उजेडात बघतो तर सांध्याचा एक बोल्टच तुटलेला, आतलं पॅकिंग जळालेलं, आणि वरच्या पत्र्याला आतून काळा पट्टा उठलेला.

मंडळी चहा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी त्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. म्हणाल्या, ‘‘ही तर काजळी. चुलीसारखी.’’ मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, ‘‘म्हणजे धूर मी खात होते?’’

मी काही बोललो नाही. मला विहीर आठवली. 72 च्या दुष्काळात पाणी खोल गेलं तेव्हा लोकांनी इंजिनं विहिरीत टप्प्यावर उतरवली होती. वडील बजावून सांगायचे, इंजिन चालू असताना, बंद करून लगेच, विहिरीत उतरायचं नाही. माणूस खाली बसतो तो उठत नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आमच्याकडं रीत. कंदील विझला तर हवा वाईट. पण इंजिनाच्या धुरातला हा वायू कंदील विझवत नाही. पुढं मी पुस्तकातून समजून घेतलं. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्याला. रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा वास. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. गाडी लागल्यासारखंच सगळं.

आणि त्या दिवशी आम्ही काय करणार होतो? बाळाला वारं लागू नये म्हणून सगळ्या काचा वर करून, सव्वा महिन्याचं लेकरू मांडीवर घेऊन दीड-दोन तास जाणार होतो. लेकरू झोपलं असतं तर आम्ही म्हणालो असतो, शहाणं आहे, रडत नाही. हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

काकांच्या ओळखीच्या एका मेस्त्रीनं दोन गल्ल्या सोडून गाळ्यात काम केलं. तुटका बोल्ट काढायलाच अर्धा दिवस गेला. नवं पॅकिंग, नवा बोल्ट, झाकणाला नवं रबर. चारशे ऐंशी रुपये. काका पैसे घेईनात. म्हणाले, ‘‘अंजीर आणा.’’ ते जिवंत होते तोवर दरवर्षी पहिली पाटी मी त्यांच्या ओट्यावर ठेवली.

दोन दिवस मी रिकामी गाडी एकटाच फिरवली. भिंतीच्या कडेनं, बोळातून, पात्रातून वर. आवाज नव्हता. तरी निघताना माझी आणि मंडळींची काच चार बोटं उघडी ठेवली, बाळाला मागं दुपट्यात गुंडाळून लेकीजवळ दिलं. दिवे घाट चढताना कुणी बोलत नव्हतं. मी ऐकत होतो. इंजिनाची एकसारखी घरघर, मागून बाळाचं चुटूचुटू दूध पिणं, बास.

घाटमाथा आला. माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला, गाडी कडेला घेतली.

मंडळी म्हणाल्या, ‘‘कशाला थांबलात?’’