दुसऱ्या किकला!

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अलार्म लागत नाही, बाबांची चेतक आहे ना! चेतक बाजारात आली १९७२ साली, आमची १९९८ची. रोज सकाळी आधी तिला कुशीवर झुकवायचं, मग चोक, मग पंधरा किका. झुकवण्यातही सायन्स आहे बरं का! गार इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून पेट्रोल जास्त लागतं.

आई म्हणाली, "भंगारात द्या." बाबा त्या रात्री नीट जेवलेच नाहीत.

रविवारी मी कार्बोरेटर उतरवला. पायलट जेट तुंबलेला. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलने धुवून हवा मारायची. मग इंजिन गरम करून मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसलो, आयडलिंग एकसारखं होईपर्यंत.

सोमवारी दुसऱ्या किकला स्टार्ट! बाबा काहीच बोलले नाहीत. मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल, स्टेशनला सोड."