सुरतेचे घुमट जोडताना

जळगावहून सुरतेला जाणारी गाडी तापीच्या दक्षिणेने धावते, पण तापी बहुतेक वेळ नजरेआडच असते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी नवापूरला येते. तिथे राज्याची सीमा फलाटावरूनच जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. पुढे सोनगडचा किल्ला दिसतो. बडोदा हाती येण्याआधी गायकवाडांचं ठाणं इथे होतं. उधना जवळ आलं की डब्यात पिशव्या-गाठोडी बाहेर निघू लागतात, कारण सुरतेच्या मागांवर राबणारा खानदेश इथेच उतरतो. मी कॅमेरा आणि ट्रायपॉड सांभाळत सुरतेपर्यंत गेलो.

मला कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज आणि डच कबरींचे पॅनोरमा करायचे होते. या कबरी म्हणजे दुमजली इमारतीच आहेत. पूर्ण इमारत एका फोटोत घ्यायची तर मागे सरकायला जागा हवी, आणि शहर त्यांना इतकं खेटून वाढलंय की ती जागाच उरलेली नाही. मग एकच उपाय राहतो: एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत फोटो घ्यायचे आणि नंतर ते जोडायचे. युक्ती जुनीच आहे. फेलिचे बिआतोने 1858 मध्ये लखनौचं विस्तीर्ण दृश्य असंच तुकड्यातुकड्यांनी टिपलं आणि छापे शेजारी-शेजारी लावले.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीच काढली होती. फाटकावरच्या रखवालदाराने कागद पाहिला, माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कोनता गावना शेतस, भाऊ?" सुरतेत अहिराणी कानावर पडली की परकेपणा निम्मा ओसरतो.

इंग्रजांच्या दफनभूमीत सगळ्यांत भव्य आहे ती ऑक्झेंडेन बंधूंची कबर. ख्रिस्तोफर 1659 मध्ये गेला, सर जॉर्ज 1669 मध्ये. जाडजूड खांब, त्यांवर कमानी, वर जायला जिना, दोन्ही मजल्यांना सज्जा आणि माथ्यावर घुमट; उंची सुमारे चाळीस फूट. बांधणाऱ्यांनी इंग्लंडातली चर्चची घडण इथे आणलीच नाही. मुसलमानी मकबऱ्यांचे घुमट त्यांनी रोज पाहिले होते, तसेच आपल्या माणसांवर उभारले.

मराठी माणसाला हा जॉर्ज ऑक्झेंडेन अनोळखी नाही. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला आणि ऑक्झेंडेनने आपली वखार लढवली. त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिलं. दहा वर्षांनी, 1674 मध्ये, त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडेन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. शाळेत आपण सुरत शिकतो ती महाराजांच्या बाजूने, आणि ते योग्यच आहे. पण त्या कमानीखाली उभं राहिल्यावर समोरच्या बाजूलाही नावागावाची माणसं होती हे प्रथमच नीट जाणवलं, आणि लुटीची गोष्ट माझ्यासाठी लहान न होता मोठी झाली.

पॅनोरमात सगळा खेळ कॅमेरा कशाभोवती फिरतो यावर असतो. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या पोटात असतो, पण फिरवायचा असतो तो लेन्सच्या आतल्या एका बिंदूभोवती. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. तो चुकला तर हाताजवळचा खांब आणि मागचा घुमट प्रत्येक फोटोत एकमेकांच्या मानाने सरकतात, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना जुळवू शकत नाही. उघड्या मैदानात ही चूक खपून जाते. कमानीखाली, जिथे खांब दोन हातांवर आहे, तिथे अजिबात नाही. म्हणून मी आधी जवळची एक कड आणि लांबची एक कड एका रेषेत धरून कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवतो, आणि दोन्ही एकमेकींना सोडत नाहीत तोवर तो ट्रायपॉडवरच्या सरकपट्टीवर मागे-पुढे सरकवत राहतो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करायचे. फिशआय लेन्सने सभोवार सहा फोटो, एक सरळ वर घुमटाचा, एक खाली जमिनीचा.

जोडायला मी हगिन हे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट मिळतं आणि त्याच्या मुळाशी हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाचं काम आहे. सॉफ्टवेअर दोन फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतं आणि त्यांवरून फोटो एकमेकांवर बसवतं. पण सुरेख, सममित वास्तू इथेच घोळ घालते. सगळ्या कमानी एकसारख्या, त्यामुळे संगणक दुसऱ्या कमानीची कड पाचवीला नेऊन चिकटवतो आणि घुमट पिळवटून जातो. रात्री लॉजवर मी त्या आपोआप घेतलेल्या खुणा पुसल्या आणि हाताने नव्या दिल्या. त्या द्यायच्या कुठे? जिथे चुना खपली होऊन पडलाय, जिथे पावसाचा ओघळ काळा झालाय, जिथे कोणीतरी खिळ्याने नाव कोरून ठेवलंय. घडवणाऱ्याने प्रत्येक कमान सारखी केली. साडेतीनशे पावसाळ्यांनी प्रत्येक कमान वेगळी केली. चित्र जुळलं ते पावसाळ्यांच्या खुणांवर. कोरलेल्या नावांचा एरवी संताप येतो, तो त्या रात्रीही आलाच, पण त्यांतल्याच दोन खुणांनी घुमट सरळ बसवला.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात नेमकं उलट घडलं. पोर्तुगिजांच्या हल्ल्यांनंतर 1540 च्या दशकात खुदावंद खानाने बांधलेला हा किल्ला महापालिकेने अलीकडे जीर्णोद्धार करून नीटनेटका केलाय. इनायत खान दडला तो हाच. पण गुळगुळीत नव्या गिलाव्यावर खूण धरायला जागाच सापडेना. काम चांगलं झालंय यात शंका नाही. तरी जीर्णोद्धार करताना थोडी भिंत आहे तशी राखावी, असं मला मनापासून वाटतं. तिच्यावर इमारतीचं वय वाचता येतं.

डच कबरींपैकी सर्वांत मोठी हेन्ड्रिक व्हान रेडेची. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा 'हॉर्टुस मलाबारिकुस' ज्याने सिद्ध केला तो हाच. 1691 च्या डिसेंबरात जहाजावर तो वारला आणि त्याला सुरतेत पुरलं. इंग्रजांवर मात करायला डचांनी ही एवढी दांडगी कबर उभारली, असं म्हणतात, आणि वरचा सज्जा पाहिला की ते खरं वाटतं. शेजारीच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या आडव्या शिळा आहेत.

इथे कॅमेरा फिरवला की भोवतालची घरं, गच्चीवरची धुणी, विजेच्या तारा सगळं फ्रेममध्ये येतं. एकट्या फोटोत हे कापून टाकता येतं, आणि सुरतेच्या कबरींची बहुतेक चित्रं तशीच कापलेली असतात. म्हणून ती एखाद्या ओसाड माळावरची वाटतात. मी काहीही कापलं नाही. हलणाऱ्या माणसांची दुहेरी भुतं तेवढी काढली आणि प्रत्येक माणूस एकदाच, पण पुरता ठेवला: घुमटाच्या डाव्या हाताला कपडे वाळत घालणारी बाई, उजवीकडे पतंग घेऊन उभी असलेली पोरं. अजून मुगलीसरा राहिलाय, शहाजहानच्या काळातली 1644 ची सराई. आज तिथे महापालिकेची कचेरी आहे. तिचा पॅनोरमा मी सुट्टीच्या नव्हे तर कामाच्या दिवशी करणार आहे, चौकात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसांसकट.