तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते का?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या मोहल्ल्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "मत वाया घालवू नका." दुसरे, "किती दिवस भीतीपोटीच मत द्यायचे?" आमच्या घरात ही दोन्ही वाक्ये एकाच दस्तरखानावर ऐकू येतात. पहिले थोरल्या भाईजानचे, दुसरे माझ्या भाच्याचे. 2024 च्या लोकसभेला भाच्याने पहिल्यांदा मतदान केले. पुण्यात भाजप आणि काँग्रेसच्या लढतीत वंचित बहुजन आघाडीचा आणि एमआयएमचाही उमेदवार होता. वाद रंगला की भाचा माझ्याकडे वळतो, "खाला, तुम्हीच सांगा."

मी शाळेत शिकवते, म्हणून आधी वर्गातला हिशेब सांगते. चाळीस मुलांच्या वर्गात मॉनिटरसाठी तिघे उभे राहिले. मते पडली 16, 14 आणि 10. सोळावाला मॉनिटर झाला, चोवीस मुलांनी त्याला मत दिलेले नसतानाही. आपल्या लोकसभा-विधानसभेचा नियम हाच आहे. निम्मी मते लागत नाहीत, इतरांपेक्षा एक जास्त असले की पुरे.

म्हणून भाईजानची भीती खोटी नाही. 2019 मध्ये नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे 40 हजार मतांनी हरले, तेव्हा वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे यांचा पराभव दीड लाखाहून अधिक मतांनी झाला आणि तिथे प्रकाश आंबेडकरांना 1 लाख 70 हजार मते पडली. अर्थात ही सगळी मते काँग्रेसलाच मिळाली असती, असे धरून चालता येत नाही. सोलापुरात तर जवळजवळ सगळीच यावी लागली असती.

पण त्याच वर्षी औरंगाबादमध्ये उलटे घडले. एमआयएमचे इम्तियाज जलील 4,492 मतांनी निवडून आले आणि चार वेळा खासदार राहिलेले शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हरले. तिथे अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली होती. म्हणजे तिसऱ्या पक्षाला चौथ्या उमेदवाराने वाट करून दिली. कोण कुणाची मते खातो हे त्या-त्या मतदारसंघावर ठरते.

आमचा कोंढवा हडपसर विधानसभा मतदारसंघात येतो. 2019 च्या विधानसभेला इथे राष्ट्रवादीचा उमेदवार भाजपच्या उमेदवारापेक्षा फक्त 2,820 मतांनी पुढे राहिला. मनसेला 34 हजारांहून अधिक मते होती. भाजपला अडवायचे म्हणून घड्याळावर शिक्का मारणारे कोंढव्यात कमी नव्हते. पुढे 2023 मध्ये तो पक्ष फुटला, घड्याळ अजित पवारांकडे गेले आणि 2024 ची विधानसभा हडपसरला तेच चिन्ह महायुतीकडून लढले व जिंकले. नांदेडचे अशोक चव्हाणही फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. भाचा विचारतो, "मग वाया कुणाचे मत गेले, खाला? तिसऱ्याला दिले त्याचे, की भीतीने दिले त्याचे?" यावर भाईजान पाण्याचा ग्लास उचलतात.

जुम्याच्या बयानात आपण ऐकतो की मत ही अमानत आहे, गवाही आहे. भाचा तेच धरून बसतो. गवाही द्यायची तर जो लायक वाटतो त्याचीच द्यायची. भाईजान फिकहचा कायदा सांगतात, अहवनुल बलिय्यतैन. दोन संकटांपैकी एक अटळ असेल तर हलके पत्करावे. मला वाटते, दोघांची बाजू खरी आहे, पण एकाच जागी नाही. हलके संकट निवडायचे तर दोन संकटांतली निवड खरोखर आपल्या मतावर अडलेली असली पाहिजे. जिथे निकाल लाखाच्या फरकाने लागतो, तिथे आपल्या मताने संकट टळत नाही. तिथे उरते ती गवाहीच.

पुण्याचेच पाहा. 2014 आणि 2019 च्या लोकसभेला भाजप इथे तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकला. 2024 ला हा फरक सव्वा लाखाच्या जवळपास राहिला. वंचित आणि एमआयएमची मते एकत्र केली तरी फरक भरून निघत नव्हता. त्यांच्यामुळे पुणे गेले, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

मालेगावकरांनी मात्र सहा महिन्यांत दोन्ही प्रकारे मतदान करून दाखवले. 2024 च्या लोकसभेला धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव अवघ्या 3,831 मतांनी निवडून आल्या. त्यांना एकट्या मालेगाव मध्यमधून 1 लाख 90 हजारांहून अधिक मतांची आघाडी होती. नोव्हेंबरात विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये पहिले दोन उमेदवार ना महायुतीचे होते, ना महाविकास आघाडीचे. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल 162 मतांनी जिंकले, तर दुसरे आलेले आसिफ शेख यांनी स्वतःचा नवा पक्ष काढला होता. जिथे लढत मोठ्या दोघांत होती तिथे मत एकवटले, जिथे ती भीती नव्हती तिथे लोकांनी आपापली पसंती सांगितली.

हरलेल्या मतांचाही उपयोग होतो. 2019 च्या लोकसभेला वंचित आणि एमआयएमला मिळून राज्यात 41 लाखांच्या आसपास मते पडली. जागा एकच आली, पण 2024 च्या आधी महाविकास आघाडीला वंचितशी जागावाटपाची बोलणी करावी लागली. ती फिसकटली हे खरे, पण मतांचा आकडा नसता तर बोलणीच झाली नसती. मोहल्ला कुठेच जाणार नाही अशी ज्या पक्षाची खात्री असते, तो आपल्या शाळेचे, पाण्याचे, तिकिटाचे प्रश्न सवडीने घेतो.

महापालिकेत तर वाट आणखी मोकळी असते. 2017 ला पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग होते, म्हणजे बहुतेक मतदारांना चार मते. चारही एकाच पक्षाला द्यावीत असे कुठे लिहिले आहे? दोन विचार करून मोठ्या पक्षाला आणि एक-दोन मोहल्ल्यात काम करणाऱ्या माणसाला देता येतात.

भाच्याला मी सांगितले ते असे. हडपसरसारखी दोन-तीन हजारांची लढत असेल तर मी पहिल्या दोघांतूनच निवडते, पण मत मागायला येणाऱ्याला पक्ष फुटला तर कुठे उभे राहणार, हे चारचौघांत विचारते. लढत एकतर्फी असेल तर माझ्या दृष्टीने लायक असलेल्या माणसाला देते, तो कितव्या नंबरावर येईल हे पाहत नाही. आणि हे ठरवण्यासाठी व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मेसेजची गरज नाही. निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 सर्वांना पाहता येतो. मागच्या वेळी कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली हे त्यात दिलेले असते. पुढच्या निवडणुकीआधी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून आपल्या मतदारसंघाचा तो तक्ता काढून घ्या, सगळ्यांनी मिळून वाचा आणि मग खुशाल वाद घाला.