फळ्यावरील शब्द

मंददृष्टी विद्यार्थ्याला पहिल्या बाकावर बसविले, की आपले कर्तव्य संपले असे पुष्कळांना वाटते. इंदापूर तालुक्यातील वरकुटे गावी मी शिकत होतो, तेव्हा आमचे गुरुजी फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारीत. एका सोबत्यासाठी सुरू झालेली ही रीत आम्हा सर्वांच्याच उपयोगी पडली. आमचे शुद्धलेखनही सुधारले. त्या सोबत्याने कधी कोणाची दया मागितली नाही. धडा मात्र पुरा मागितला. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायद्याने शाळेचे दार उघडते. आत आलेल्याला आपल्यात सामावून घेणे हे वर्गातील प्रत्येकाचे काम आहे.