तेथेच की घरी?

हाँगकाँगला मुलाकडे गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून एक अपराध घडला, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत मला त्याचे भानही नव्हते.

कचेरी सुटल्यावर मुलाने आमच्यासाठी डिम समचे चार डबे आणले होते. त्याची खोली एवढीशी, की घडीचे मेज उघडले म्हणजे दार उघडत नसे. डबे उघडले तो कोळंबी भरलेल्या पांढऱ्या पुरचुंड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. एक उचलावी तर शेजारणीचे आवरण फाटून तिच्याबरोबर येई. मी एक तोंडात टाकली आणि म्हणालो, "एवढी कीर्ती ऐकली होती, ती याचीच का रे?" मुलगा हसला आणि गप्प बसला. आमच्या मंडळींनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. तीस वर्षांच्या सहवासानंतर त्याचा अर्थ मला तत्काळ कळायला हवा होता. पण मी दुसरी पुरचुंडी सोडविण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला. मंडळींचा गुडघा प्रवासाने धरला होता. तेव्हा शंग वानच्या बाजूच्या एका जुन्या चहागृहात मी एकटाच जाऊन थडकलो.

त्या शहरात चहागृहांना तोटा नाही. सेंट्रल भागातले 'लुक यू' १९३३ साली निघाले. चहावर पहिला थोर ग्रंथ लिहिणाऱ्या आठव्या शतकातील लू यू याचे नाव त्याला दिले आहे. सिटी हॉलमध्ये एका प्रशस्त भोजनगृहात वाफाळत्या टोपल्यांच्या गाड्या अजूनही मेजांमधून फिरतात. मी शिरलो ते चहागृह मात्र तसे नामांकित नव्हते. रिकामे मेज मिळणे अशक्य. रिकामी खुर्ची दिसली की बसावे. एका वृद्ध चिनी गृहस्थांसमोर मी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझी अनभिज्ञता ओळखली, आणि एकही शब्द न बोलता माझी शिकवणी सुरू केली.

प्रथम त्यांनी माझी वाटी, पेला आणि काड्या ऊन चहाने विसळून दाखविल्या. मग पेला भरला. किटलीतला चहा संपताच झाकण कलते करून ठेवले. वाढपी न बोलावता आला आणि पाणी ओतून गेला. त्यांनी मला चहा ओतला की मी काय करायचे, तेही शिकविले: दोन बोटे वाकवून मेजावर हलकेच टेकवायची. सम्राट च्येनलुंग वेष पालटून हिंडत असता त्याने एका सेवकाला चहा ओतला. लोटांगण घालावे तर गुपित फुटेल, म्हणून सेवकाने बोटांनाच गुडघे टेकायला लावले, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कोण जाणे. परंतु आभार मानण्याची याहून नम्र रीत मी पाहिलेली नाही.

या खाण्याला तेथे 'याम चा', म्हणजे 'चहा पिणे', म्हणतात. पदार्थ हे चहाचे सोबती. 'डिम सम' या शब्दांतही हृदयाला हलकेच स्पर्श करण्याचा भाव आहे. पुढ्यात बांबूची टोपली आली. तिच्यात चार हार गाउ होते. आदल्या संध्याकाळच्याच त्या पुरचुंड्या. पण आवरणातून कोळंबीची गुलाबी छटा झळकत होती आणि चुण्या मोजून घ्याव्यात अशा उमटल्या होत्या. मला आमच्या उकडीच्या मोदकांची आठवण झाली. तेथे तांदळाची पिठी, येथे गव्हाचे सत्त्व. पण दोन्ही कढत पाण्यात उकडून, गरम असतानाच मळायची आणि पाकळी पातळ ठेवून मुडपायची. तसाच मोदकासारखाच त्यांचा स्वभावही: टोपलीतून पानात येतात तोवर त्यांचे राज्य. बांबूचे झाकण वाफ शोषून घेते. डब्याचे झाकण तीच वाफ थेंब करून खाली सोडते. आवरण निवते, चिवट होते, शेजाऱ्याला धरून बसते. मी मनोमन निकाल दिला: डिम सम खावे तर तेथेच. डब्यातले डिम सम म्हणजे गणेशचतुर्थीचे मोदक पंचमीला खाण्यासारखे!

निकालाची शाई वाळते न वाळते तोच माझ्या गुरुजींनी वाढप्याला खूण केली. चारांतले दोनच हार गाउ त्यांनी खाल्ले होते. उरलेले दोन त्यांनी डब्यात ठेवले, पण झाकण पुरते लावले नाही. एक काडी मध्ये सरकवून बोटभर फट ठेवली. शेजारी कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात ठेवला. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहून ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, बायको तिसऱ्या मजल्यावर असते; जिना उतरवत नाही. मग त्या पानाच्या पुडीवर थाप मारून त्यांनी मान डोलावली: हिला प्रवास सोसतो.

ते गेले आणि माझा चहा तसाच निवत राहिला. मला माझे वडील आठवले. पगाराच्या दिवशी ते भज्यांचा पुडा आणीत. घरी येईतो भजी मऊ पडत आणि कागद तेलाने पारदर्शक होई. ती कढईजवळ उभे राहून खाल्ली असती तर अधिक चवदार लागली असती, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? परंतु कढईजवळ आम्ही नव्हतो.

आणि मग मुलाचा फोन आठवला. २९ जुलै २०२० ला, महामारीच्या दिवसांत, हाँगकाँगच्या उपाहारगृहांत बसून खायला दिवसभर बंदी झाली. उन्हापावसात माणसे पदपथावर डबे उघडून बसली, आणि दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, दिवसा बसायला पुन्हा मोकळीक द्यावी लागली. त्या दिवशी मुलगा सहज म्हणाला होता, "बाबा, आज जिन्यात बसून जेवलो." मी "बरं, काळजी घे" म्हणून फोन ठेवला होता. जिन्यात एकट्याने डबा उघडणारा तो मुलगा काल चार डबे घेऊन घरी आला होता, कारण घरी आम्ही होतो; आणि मी आवरण चिकटल्याची तक्रार करीत होतो!

मी दोन कमळपानांच्या पुड्या आणि एक डबा हार गाउ बांधून घेतला. झाकणात काडी सरकवायला विसरलो नाही. तरी सायंकाळी उघडताना दोन पुरचुंड्या चिकटल्याच. मंडळींनी त्या सोडवल्या नाहीत. दोन्ही एकदम उचलल्या. भात मात्र पानाच्या वासासकट शाबूत होता.

मुलाची क्षमा मागावी असे शब्द मी दिवसभर जुळवले होते. ते काही ओठांवर येईनात. मी किटली उचलली आणि त्याच्या पेल्यात चहा ओतला. त्याने वर पाहिले नाही. पण दोन बोटे वाकवून मेजावर हलकेच टेकवली.